सोडल्यानंतरचे दिवस

“एवढ्या मुंग्या कुठून आल्या वं?” प्रेमदास विचारत होता.

खाटेवर उकिडवं बसून तो पांघरुणावरून काहीतरी चिमटीत धरत होता आणि खाटेखाली टाकत होता. सुमित्राबाई हातातलं पीठ तसंच ठेवून आली. तिने पांघरूण उचलून दारात नेलं, झटकलं, उजेडात धरून पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं.

“अवो, कुठी हायेत मुंग्या? पाहा बरं नीट.”

“तुले दिसत नाई काय? भिंतीवरून रांग लागली ना. ह्या काय!”

भिंत कोरडी होती. गेल्या दिवाळीला मारलेला चुना आणि त्यावर अंगणवाडीतून आणलेलं जुनं कॅलेंडर, एवढंच भिंतीवर होतं. सुमित्राबाईने त्याच्या कपाळाला हात लावला. अंग गरम होतं आणि घामाने ओलं होतं. हात तर असे थरथरत होते की सकाळी चहाची बशी तिलाच त्याच्या ओठांशी धरावी लागली होती.

परवा संध्याकाळी त्याने दारू सोडली होती.

आंजी गावात प्रेमदासला ओळखत नाही असं घर नव्हतं, कारण घराघरात पाणी तोच पोचवत होता. ग्रामपंचायतीच्या टाकीवरून कोणत्या वस्तीला कधी पाणी सोडायचं, कोणता वॉल किती खोलायचा, हे त्याचं काम. खांद्यावर वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी टाकून तो पहाटे निघायचा. स्वभावाने गरीब. प्यायल्यावरही त्याने कधी बायकोवर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. प्यायचा आणि गप्प व्हायचा. टाकीच्या पायरीवर तासन् तास बसून राहायचा. लेक काजलचं लग्न होऊन ती आर्वीला गेली तेव्हापासून हे बसणं वाढलं होतं.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. जुन्या काळापासून आहे. तरी प्रेमदासला ती रोज मिळत होती. कधी नाल्याकडच्या शकुबाईची मोहाची, कधी नदीपलीकडच्या जिल्ह्यातून कोणाच्या डिक्कीत आलेली. आणि सुमित्राबाई गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष होती. लोक तोंडावर काही बोलत नसत. पाठीमागे काय बोलत असतील ते तिला ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात तो अंगणवाडीसमोरच्या नळापाशी भरदिवसा पडला. सुमित्राबाई तिथेच मदतनीस. ती आत खिचडी वाढत होती. बाहेर आली तेव्हा एक लहानगी पोर त्याच्या गालावर थोपटत होती, आई तिला झोपवताना थोपटते तसं. त्याला हे दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं. तो दिवसभर जेवला नाही. मग एका संध्याकाळी स्वतःहूनच म्हणाला, “चाल, मारुतीपाशी चाल.” देवळात बायकोच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली. सुमित्राबाईने खोबरं-साखर वाटली. मंडळाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आता हे.

पीत होता तेव्हा माणूस धड होता. सोडली तर असा झाला. सुमित्राबाईला यातलं काहीच कळेना.

तिने काजलला फोन लावला. काजलने सगळं ऐकलं, मग म्हणाली, “थांब आई, मोबाईलवर पाह्यतो.” थोड्या वेळाने तिचाच फोन आला. “आई, एक जण म्हणते निंबूपाणी द्या. एक म्हणते अंगातलं विष निघून राह्यलं, तीन दिवसात आपोआप थांबते. एकात त सांगतलं का असं झालं त लगेच दवाखान्यात न्या, नाई त माणूस दगावते.”

“मंग खरं कोणतं?”

“मले काय माहीत वं आई. मी येऊ काय? सासूले विचारून पाह्यतो.”

काजल रडायला लागली म्हणून सुमित्राबाईने फोन ठेवला.

थोरले दीर महादेवराव आले. ते शेतातून थेटच आले होते, पायाला माती होती. भावाकडे बराच वेळ पाहून ते ओसरीत आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “सुमित्रा, हे बिमारीचं नाई. बाहेरचं हाय. टाकीखाली ते जुनं बाभळीचं झाड होतं ना, तिथं हा बसे. म्या तळेगावच्या एका जाणकाराले ओळखतो. संध्याकाळी गाडी करतो.”

“पयले डॉक्टरले दाखवू ना,” ती पदर सावरत म्हणाली.

गावातला डॉक्टर आला. त्याने रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली. “अशक्तपणा आहे, उन्हात फिरतात ना? सलाईन लावू,” म्हणाला. दारूचं तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. सांगायला तिची जीभच रेटेना. गावाच्या वेशीवर मंडळाचा फलक होता, त्यावर तिचं नाव होतं. शिवाय बंदीच्या जिल्ह्यात पिणं हाच गुन्हा. डॉक्टरला सांगितलं तर तो कोणाला कळवेल, पोलीस येतील का, नोकरी जाईल का, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

सलाईन अर्धीही गेली नसेल, प्रेमदासने सुई उपटली. तो उभा राहिला. दोन्ही मुठी छातीसमोर धरून हवेत काहीतरी गरगर फिरवायला लागला. “वॉल बंद होऊन नाई राह्यला! टाकी भरून वाहून चालली, दादा, पकड ना!” महादेवराव त्याला धरत होते आणि तो नसलेली चावी जिवाच्या आकांताने फिरवत होता. तळहाताला घट्टे पडलेले ते हात सुमित्राबाईने धरून खाली ओढले.

तिला बसस्टॉपच्या भिंतीवरची जाहिरात आठवली. ‘दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता.’ नंबर तिने कधीचा मोबाईलमध्ये ठेवला होता. आता लावला. तिकडचा माणूस गोड बोलला. पावडर आहे, भाजीत मिसळा, चवही कळत नाही.

“पण त्यायनं सोडली दादा. सोडल्यावर असं झालं.”

“सोडली? मग आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती करा, ताई. गाडी पाठवतो, आमचे लोक येऊन उचलून नेतील. तीन महिने ठेवू. मधात भेटायला येता येणार नाही, फोनही नाही.”

“डॉक्टर हाय काय तिथं?”

“सगळं आहे ताई. गाडी पाठवू का?”

तिने उत्तर न देता फोन बंद केला. उचलून नेतील, हा शब्द तिच्या कानातून जाईना. काय चूक होतं आणि काय बरोबर? भाजीतली पावडर, तळेगावचा जाणकार, निंबूपाणी, उचलून नेणारी गाडी. प्रत्येकजण खात्रीने बोलत होता. खात्री नव्हती ती एकटीलाच.

मग आतून महादेवरावांची हाक आली. ती धावली. प्रेमदास खाली पडला होता. अंग लाकडासारखं ताठ, डोळे पांढरे, दातखिळी बसलेली, तोंडाच्या कोपऱ्यातून फेस. मग सगळं अंग झटके खायला लागलं. महादेवरावांनी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून ती त्याचंच नाव घेत राहिली, जे तिने लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं.

झटके थांबले. तो घोरल्यासारखा श्वास घेऊ लागला. महादेवराव भिंतीला टेकून बसले, एकदम म्हातारे दिसायला लागले.

“सुमित्रा,” ते म्हणाले, “एक सांगू काय? थोडीशी पाजून पाहू. म्या ऐकलं हाय, एकदम सोडली त असं होते. घोटभर पोटात गेली का उतरते म्हणतात.”

“भाऊजी, सकाळी त तुम्ही बाहेरचं म्हणत होते.”

“सकाळी तसं वाटलं. आता असं वाटून राह्यलं.” त्यांचे डोळे भरून आले होते. “माहा एकच भाऊ हाय वं.”

सुमित्राबाई उठली. चपला घालायचं तिला सुचलं नाही. भर दुपारी, सगळ्या गावासमोरून ती नाल्याकडे चालत गेली.

दोन वर्षांपूर्वी याच वाटेने ती मंडळाच्या बायका घेऊन आली होती. शकुबाईच्या परसात पुरलेले सडव्याचे माठ त्यांनी काढले, फोडले, आंबलेला मोह नाल्यात वाहून गेला. फोटो निघाले. शकुबाई तेव्हा दारात उभी राहून फुटलेल्या खापरांकडे पाहत होती.

आज ती शेळीला पाला टाकत होती. सुमित्राबाईला पाहून तिने आधी तिच्या मागे पाहिलं.

“एकटीच? पोलीस मागून येते काय?”

“नाई. एकटीच हाय.”

“मंग?”

सुमित्राबाईने सांगितलं. कसं सांगितलं ते तिला पुढे आठवलं नाही. शकुबाईच्या चेहऱ्यावर राग येईल, हसू येईल असं तिला वाटलं होतं. तसलं काही आलं नाही. हातातला पाला खाली ठेवून ती शेळीजवळ तशीच बसली.

“माहा नवरा बी असाच गेला,” ती म्हणाली. “आजारी होता म्हणून उठता येत नव्हतं, त पिणं बंद पडलं. चादरीवरचं वेचत बसे. आम्हाले वाटलं भूत हाय. कोंबडं कापलं. दुसऱ्या दिवशी गेला.”

“मंग देऊ का नको? पाजल्यानं उतरते काय?”

“मले नाई समजत, बाई. मी विकतो, एवढंच. दिली त मरते, नाई दिली त मरते, असं पाह्यलं म्या.” तिने आत जाऊन थंड पेयाच्या एका लहान बाटलीत भरलेली दारू आणली. सुमित्राबाईने ती पदराखाली घेतली. परत फिरताना शकुबाई मागून म्हणाली, “दवाखान्यात नेजो वं, जमलं त. म्या नाई नेला.”

घरी आल्यावर सुमित्राबाईने स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली. तिच्या घरात, तिच्या हाताने. वास नाकात गेला तसा तिने पदर नाकाला लावला. प्रेमदास शुद्धीवर आला होता, पण डोळे कुठेतरी लांब पाहत होते. तिने त्याच्या मानेखाली हात घातला.

“घ्या. थोडी घ्या.”

त्याने पेला हुंगला आणि तोंड फिरवलं.

“नाई. शपथ हाय माही.”

“असू द्या शपथ. म्या मोडली, मले लागन पाप. घ्या ना वो. घोटभर घ्या. तुमच्या पाया पडतो.”

प्रेमदास तिच्याकडे पाहू लागला. खूप वेळ, अगदी निरखून. मग तो भिंतीकडे सरकला. घाबरल्यासारखा.

“तू कोण हाय?”

“अवो, मी सुमित्रा.”

“नाई. सुमित्रा मले दारू नाई देणार.” तो महादेवरावांना म्हणाला, “दादा, हे सुमित्रा नाई. हिले घरातून काढ. माही सुमित्रा कुठी गेली?”

पेला तिच्या हातात तसाच राहिला. वीस वर्षं ती या माणसाला नका पिऊ म्हणत आली होती. आज ती पाया पडून प्या म्हणत होती आणि तो नको म्हणत होता. हसावं, रडावं, पेला फेकावा की त्याच्या तोंडात ओतावा, तिला काही म्हणजे काही कळेना.

अशात मोहिनी आली. मोहिनी गावची आशा सेविका, मंडळातही होती. कोणीतरी तिला सांगितलं होतं. ती दारात थबकली. तिने पेला पाहिला, बाटली पाहिली, वास तर सगळ्या घरात होता. ती सरळ प्रेमदासजवळ जाऊन बसली.

“पाजली काय?”

“नाई. घेऊन नाई राह्यले.”

“काहीच नका टाकू तोंडात आता. फिट आल्यावर पाणी बी ठसक्यात जाते. म्या आरोग्य केंद्रातल्या मॅडमले फोन केला. त्या म्हणाल्या आत्ताच्या आत्ता वर्ध्याले न्या. गाडी बोलावली म्या.” मग तिने सुमित्राबाईचा खांदा धरला. “ताई, मले काऊन नाई सांगतलं सकाळी? तुमच्या घरापासून दहा पावलावर हाय ना मी?”

गावातल्या पहिलटकरणींना, कुत्रं चावलेल्या पोरांना दवाखान्यात नेणारी मोहिनी रोज तिच्या अंगणवाडीत येऊन बसत होती. तिला विचारावं हे डोक्यातच आलं नव्हतं. दारूचं काम मंडळाचं आणि आजाराचं काम मोहिनीचं, असंच तिला वाटत आलं होतं.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने विचारलं, “काय होतंय?”

“ताप हाय,” सुमित्राबाई म्हणाली.

“दारू,” मोहिनी तिच्या मागून मोठ्याने म्हणाली. “एकदम सोडली, फिट आली, भ्रम होऊन राह्यला.”

रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. सुमित्राबाईने मान खाली घातली. आता पोलिसाला बोलावतील असं तिला वाटलं. खिडकीवरच्या माणसाने फक्त कागद पुढे सरकवला. “आधी तातडीच्या विभागात. मग मानसोपचाराचे डॉक्टर बघतील.”

“ते येडे नाई होय,” ती पटकन म्हणाली.

“नाहीत हो, मावशी. दारूचं तेच बघतात.”

पुढचे दिवस तिला सलग आठवत नाहीत. पहिल्या रात्री प्रेमदासचे हातपाय पट्ट्यांनी खाटेला बांधावे लागले, मग सुया, मग झोप. जाग आली की तो तिला काजल समजायचा, कधी स्वतःची आई. ती हो म्हणायची. एका सकाळी त्याने तिच्याकडे पाहून “सुमित्रा, तू जेवली काय?” असं विचारलं आणि ती उठून बाहेर गेली.

डॉक्टरचं नाव शाल्मली होतं. काजलपेक्षा थोडी मोठी असेल. दालनात तिने सुमित्राबाईला समोर बसवलं.

“रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर मेंदू खवळतो. काहींना नुसती थरथर होते, काहींना असं होतं. त्यासाठी गोळ्या असतात, त्या देऊन हळूहळू खाली आणायचं असतं.”

“म्हंजे म्या शपथ घेऊ देली न त्यायले मारायले काढलं.”

“असं नाही म्हणता येणार.”

“आन थे दारू पाजली असती त?”

“झटका टळलाही असता. ठसका लागून छातीत गेली असती तर वेगळंच झालं असतं. खरं सांगू? नक्की नाही सांगता येत. लवकर आणायला हवं होतं, एवढं नक्की.”

सुमित्राबाईला एकच पक्कं वाक्य हवं होतं. “हे बिमारी हाय का सवय हाय? एक काय ते सांगा. बिमारी असन त मी त्यायच्यावर रागावू नाई. सवय असन त कायले दया करू?”

“आजार आहे,” डॉक्टर म्हणाली. “पण बरा व्हायला त्यांनाही काम करावं लागेल. मधुमेहासारखं.”

मग तिने पुढचं सांगितलं. दारूची ओढ कमी करणारी गोळी असते. दुसरी एक अशी, की ती घेऊन प्यायलं तर त्रास होतो, पण ती माणसाला सांगूनच द्यायची. भाजीतून लपवून दिलेलं औषध जिवावर बेतू शकतं. दर पंधरवड्याला समुपदेशकाकडे बसून बोलायचं, तिनेही यायचं. पुन्हा दाखल व्हायची वेळ आली तर व्हायचं, पण डॉक्टर असलेल्या ठिकाणी, आणि भेटू देत नाहीत तिथे नाही. शिवाय पिणं सोडलेल्या लोकांची दर रविवारी बैठक भरते, ती फुकट असते, तिथे कोणी नाव-गाव विचारत नाही.

“याच्यातलं कोणतं करू?”

“थोडं थोडं सगळंच. काय लागू पडतं ते बघत जायचं.”

“पोलिसात सांगत नाई ना तुम्ही?”

“नाही, मावशी. हा दवाखाना आहे.”

सुमित्राबाई मान हलवत बाहेर आली. सगळं ऐकलं होतं, पण हातात घट्ट धरता येईल असं त्यात काही लागलं नाही. दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर महादेवराव वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, “काय म्हणे डॉक्टरीण?” ती म्हणाली, “पाहत जायचं म्हणे.”

प्रेमदास घरी आला तेव्हा उन्हाळा भरात होता. ग्रामपंचायतीने पाण्याचं काम दुसऱ्याला दिलं होतं. त्याला झाडलोटीचं दिलं, ते तो करू लागला. गोळ्या घेत होता. समुपदेशकाकडे जाऊन गप्प बसत होता. तो मधूनच एखादी गोष्ट विसरायचा. काजलच्या नवऱ्याचं नाव एकदा त्याला आठवलंच नाही. बाकी घर शांत होतं. इतकं, की सुमित्राबाईला कामावरून येताना भीती वाटायची. दारात येऊन ती आधी वास घ्यायची, मग आत पाऊल टाकायची.

गावात बोलणं झालंच होतं. नाल्यावरून येताना तिला पाहणारे पुष्कळ होते. मंडळाच्या बैठकीत कोणी तिला काही म्हणालं नाही, पण पुढच्या वेळी बैठकीचा निरोपच आला नाही. शकुबाईकडे पुन्हा धाड घालायला बायका गेल्या तेव्हा ती घरीच बसली. जावं असंही वाटलं नाही आणि जाऊ नये असंही वाटलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, घरोघर मटण शिजतं त्या करीच्या दिवशी, प्रेमदास पिऊन आला.

तो दारात बसला आणि रडला. सुमित्राबाई रडली नाही. तिने त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि शेजारी जाऊन मोहिनीला सांगितलं. या वेळी लगेच सांगितलं. महादेवराव म्हणाले, “वाया गेलं सारं. आता कायच्या गोळ्या न कायचा दवाखाना.” सुमित्राबाईलाही तसंच वाटत होतं. तरी ती सकाळच्या एसटीने त्याला वर्ध्याला घेऊन गेली. डॉक्टर शाल्मली रागावली नाही, तिला नवलही वाटलं नाही. तिने गोळी बदलली आणि म्हणाली, “रविवारी बैठकीला एकदा तरी जाऊन पाहा.”

याच दिवसांत नळावर शकुबाई तिच्याजवळ आली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून म्हणाली, “तुहा नवरा गेलता थो दवाखाना कोणता वं? माहा चंदन... कवळा पोरगा हाय अजून.”

सुमित्राबाईने तिच्याकडे पाहिलं. तुझ्याच घरातली पितो ना, असं तोंडाशी आलं होतं. तिने घागर खाली ठेवली आणि सांगायला लागली. खिडकीवर खरं सांगजो, ताप म्हणू नको. दारूचं म्हणजो. पोलीस येत नाई. एकदम बंद करू देऊ नको, पयले डॉक्टरले इचार. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की यापुढचं तिलाही सांगता येत नाही. शकुबाईने विचारलं, “मंग सुटते काय?” ती म्हणाली, “मले नाई माहीत. जाऊन पाह्य.”

चंदन एकदा जाऊन आला. पुन्हा गेला की नाही, ते तिला कळलं नाही.

रविवारी दोघं बैठकीला गेली. वर्ध्यातल्या एका शाळेच्या वर्गात ती भरत होती. दारात एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. त्याने प्रेमदासचा हात हातात घेतला, नाव विचारलं नाही, “या,” एवढंच म्हणाला. सुमित्राबाईला तो म्हणाला, “ताई, आत फक्त पिणारेच बसतो आम्ही. तुम्ही इथे व्हरांड्यात बसा.”

ती खिडकीखालच्या बाकावर बसली. आत खुर्च्या सरकल्या. कोणी बोललं, कोणी हसलं. एक जण बोलता बोलता थांबला, तेव्हा बाकीचेही गप्प राहिले. प्रेमदास काही बोलणार नाही हे तिला माहीत होतं. एवढ्या वर्षांत तिने त्याला हजारदा विचारलं होतं, कायले पिता, काय सलते, सांगा ना. त्याने कधी उत्तर दिलं नव्हतं.

मग त्याचा आवाज आला.

आधी तिला तो ओळखूच आला नाही. सावकाश, अडखळत, पण सलग बोलत होता. पंख्याच्या घरघरीत शब्द कळत नव्हते. एकदा ‘टाकी’ ऐकू आलं, एकदा ‘काजल’. आणि मग स्वच्छ, ‘सुमित्रा’. ती बाकावर पुढे सरकली. खिडकीचा गज हाताशीच होता. उभं राहून कान लावला असता तर सगळं ऐकू आलं असतं.

ती उठली. क्षणभर तशीच उभी राहिली. मग पदर नीट घेऊन व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली, मैदान ओलांडून शाळेच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसली. तिथून आवाज येत नव्हता.